हाडाचे कारागीर

मराठी भाषेने हाडाला मोठा मान दिला आहे. एखादा माणूस आपल्या कामात मुरलेला असला की आपण त्याला हाडाचा शिक्षक म्हणतो, हाडाचा शेतकरी म्हणतो, हाडाचा नट म्हणतो. संसारासाठी झिजणाऱ्या आईबापांनी हाडांची काडे केलेली असतात. भांडण पिढ्यान्‌पिढ्या मुरले की त्याचे हाडवैर होते. पुराणात तर दधीची ऋषींनी आपल्या अस्थी देवांना देऊन टाकल्या आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले. भाषेत आणि पुराणात एवढा मान. पण प्रत्यक्ष हाड हातात घेऊन, ते घासून-पुसून त्याची एखादी सुंदर वस्तू करणारा माणूस आपल्या ओसरीवर यायला नको असतो. या विसंगतीकडे लक्ष जावे असे बरेच काही गेल्या दहा वर्षांत घडले आहे, म्हणून आजचा हा विषय.

रत्नागिरीत दिवाळीच्या आधी बचतगटांची प्रदर्शने लागतात. कोकम, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांच्या शेजारी आता हाताने केलेल्या दागिन्यांची टेबले असतात. मातीचे दागिने, कागदाच्या सुरळ्यांचे, रेझिनचे, करवंटीचे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक मुलींनी घरबसल्या ही कला शिकून घेतली आणि काहींचा त्यातून हातखर्च सुटतो. अशाच एका मुलीने मध्यंतरी मला विचारले, "काका, घरच्या घरी हाडाचे दागिने करायचे ठरवले तर बँक कर्ज देईल का? आणि बँकेच्या आधी, आई परवानगी देईल का?" मी आयुष्यभर बँकेत खुर्ची उबवली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार येत होते. दुसऱ्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की अवघड प्रश्न तोच आहे. त्यात कायदा आहे, जात आहे, धर्म आहे, आरोग्य आहे आणि पोटही आहे.

विजयदुर्गचे शिंगकाम

हा उद्योग कोकणाला नवा आहे असे कुणी समजू नये. इंग्रजांच्या काळातले गॅझेटियर उघडून विजयदुर्गची नोंद पाहावी. किल्ला, बंदर आणि वाघोटनची खाडी यांच्याबरोबर तिथे आणखी एक उल्लेख सापडतो: शिंगांपासून शोभेच्या वस्तू आणि दागिने घडवण्याचा धंदा. गावात सांगण्यासारखा उद्योग तेवढाच, आणि कारागिरांची स्थिती मात्र हलाखीची, असे त्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जिल्ह्याची वाटणी झाली आणि ते सिंधुदुर्गात गेले. शेजारच्या सावंतवाडी संस्थानातही म्हशीच्या आणि गव्याच्या शिंगांतून दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तू कोरत. वाळ्याचे पंखे, लाखकामाची खेळणी, गंजिफा यांच्या पंक्तीत हे शिंगकाम बसत असे.

पुढे काय झाले? गंजिफांना आणि लाखकामाला राजाश्रय मिळाला. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती कला मरता मरता वाचवली. शिंगकामाला त्या तोडीचा वाली लाभला नाही. आज विजयदुर्गला जाणाऱ्या पर्यटकाला किल्ला दाखवतात, हापूस खिलवतात, मासे खिलवतात. या गावाची एकेकाळची ओळख शिंगाच्या वस्तू ही होती, हे फारसे कुणी सांगत नाही.

शिंग आणि हाड यांत फरक आहे, तो इथेच सांगून टाकतो. कारण पुढचा सगळा कायदा आणि सगळी कारागिरी त्यावर उभी आहे. गाय, बैल, म्हैस, गवा यांचे शिंग म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचे द्रव्य. ते आतून पोकळ असते, आत हाडाचा गाभा असतो. काही दिवस भिजत घातले की गाभा सुटतो. मग खोबरेल लावून विस्तवाची धग दिली की शिंग मऊ होते, वळते, दाबून सपाटही करता येते. हाडाचे तसे नाही. हाड म्हणजे चुना आणि स्फुरद यांचा सांगाडा आणि त्यात विणलेले चिवट तंतू. ते तापवून वळत नाही. कापावे, घासावे, कोरावे लागते. आणि सांबराचे किंवा चितळाचे ज्याला आपण शिंग म्हणतो, ते खरे म्हणजे हाडच. दरवर्षी ते गळून पडते आणि नवे फुटते. कोकणातल्या जुन्या घरांत आजीच्या बटव्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा. छातीत कळ आली, बरगडी दुखली की सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावत. म्हणजे हाड घरात होतेच. फक्त ते औषध म्हणून आले की सोवळ्यात चालत असे.

पावती कोण देणार?

१९८० च्या दशकात मी देवगडच्या बाजूला एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. २ ऑक्टोबर १९८० पासून तो कार्यक्रम देशभर लागू झाला होता आणि ग्रामीण कारागिराला कर्जात एक तृतीयांश अनुदान मिळत असे. शेळ्या, म्हशी, शिलाई मशीन, किराणा दुकान यांची प्रकरणे ढिगाने यायची. एकदा शिंगाच्या वस्तू करणारा एक वयस्क गृहस्थ आला. पिशवीतून त्याने एक फणी काढून टेबलावर ठेवली. काळीभोर, पाठीवर मधाच्या रंगाची एक रेघ, दाते अगदी एकसारखे. शाखेतल्या सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली.

अर्ज भरताना अडचण आली ती एका रकान्याशी. कच्चा माल कुठून घेणार, आणि त्याचे दरपत्रक कुठे आहे? म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सायबानू, बैल मेलो तर पावती कोण देतलो?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या आमच्या नियमपुस्तकात नव्हते. वरिष्ठ कार्यालयाने ते प्रकरण 'अधिक माहितीसाठी' परत पाठवले आणि तो गृहस्थ पुन्हा आला नाही. मी हे एका बँकेच्या माथी मारत नाही. त्या काळी कुठल्याही शाखेत हेच झाले असते. पण त्याचा तो प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण चाळीस वर्षांत तो सुटण्याऐवजी अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. मेलेल्या जनावराच्या हाडाचा धनी कोण, ते कायदेशीर आहे हे सिद्ध कसे करायचे, आणि त्याला हात लावणाऱ्याची समाजात जागा कोणती, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आहेत.

हस्तिदंत गेला, हाड आले

माणसाच्या अंगावरचा दागिना सोन्याच्या कितीतरी आधीचा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे १९७० च्या दशकात डॉ. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. त्यांचा काळ आजपासून सुमारे पंचवीस हजार वर्षांमागचा. महाराष्ट्राच्या मातीत सापडलेल्या सर्वांत जुन्या दागिन्यांपैकी हे. आपल्या भूमीतला आद्य दागिना प्राण्याच्या अवशेषातूनच घडला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे सातवाहन काळात तेर आणि भोकरदन या व्यापारी गावांत हस्तिदंतावर इतके नाजूक काम होत असे की, १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या राखेखालून निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी तेर-भोकरदनच्या मूर्तींचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

हस्तिदंताचे दिवस आता संपले, आणि ते संपले हे चांगलेच झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८६ ची दुरुस्ती आणि १९९१ ची दुरुस्ती या तीन पायऱ्यांनी देशी आणि मग आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही आपल्याकडे पूर्ण बंद झाला. हत्ती वाचावा म्हणून हे आवश्यक होते. पण पिढ्यान्‌पिढ्या हस्तिदंत कोरणाऱ्यांच्या हातातली कला कायद्याने नाहीशी होत नाही. दिल्ली, लखनौकडच्या कारागिरांनी उंटाचे आणि म्हशीचे हाड हाती घेतले. उत्तर प्रदेशातल्या संभळच्या सराय तरीन भागात शिंग आणि हाड यांचा धंदा घरोघर आहे. मणी, बांगड्या, गुंड्या, फण्या तिथून परदेशी जातात. त्या राज्याने २०१८ साली 'एक जिल्हा, एक उत्पादन' ही योजना आणली तेव्हा संभळच्या नावापुढे याच कामाची नोंद केली. हा निर्यातीचा धंदा किती नाजूक आहे हेही अलीकडे दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लावले तेव्हा त्याची झळ हस्तकलेच्या निर्यातदारांना लागली आणि अर्थातच ती घरात बसून मणी घासणाऱ्यापर्यंत पोचली.

रत्नागिरीच्या मुलीने प्रदर्शनात पाहिलेले हाडाचे मणी बहुधा अशाच कुठल्या तरी गल्लीतून आलेले असतात. आपल्याकडे ज्या कलेला गिऱ्हाईक आहे, पूर्वी कारागीर होते, त्या कलेचा माल आपण बाहेरून आणतो.

काय चालते, काय चालत नाही

आता कायद्याकडे वळू. कोकणात हा भाग विशेष महत्त्वाचा, कारण आपल्या दाराशी जंगलही आहे आणि समुद्रही.

गवा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्या शिंगातून वस्तू कोरल्या ते शिंग आज घेणे, विकणे, कोरणे गुन्हा आहे. बिबट्या आणि वाघ यांचे तर नाव काढायला नको. तरीही सोन्यात मढवलेले वाघनख लहान मुलाच्या गळ्यात घालण्याची हौस गेलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरात दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कन्नड कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून वनखात्याने अटक केली आणि देशभर लोक आपापल्या कपाटांत डोकावले. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'आजोबांचे आहे' हे उत्तर पुरत नाही; २००३ साली सरकारने अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच उलटली.

समुद्राचेही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. त्याला पाण्यात लोटण्यासाठी रत्नागिरीकरांनी रात्रंदिवस धडपड केली आणि तरीही ते वाचले नाही, हे वाचकांना आठवत असेल. देवमाशाचे हाड, समुद्री कासवाची पाठ, भिंतीवर चौकटीत लावलेले 'इंद्रजाल' नावाचे काळे पोवळे, हे सगळे संरक्षित आहे. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्रात जाताना कौतुकाने पाहायची आणि घरी इंद्रजाल टांगायचे, हे एकत्र बसत नाही.

मग उरते काय? पाळीव जनावराचे हाड आणि शिंग: म्हैस, शेळी, मेंढी. म्हशीच्या हाडाला महाराष्ट्रात कायद्याची आडकाठी नाही. गोवंशाचा प्रश्न मात्र नाजूक. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद होती; १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू यांचीही कत्तल बंद झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली, पण परराज्यातून आलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. हा कायदा कत्तलीबद्दल आणि मांसाबद्दल बोलतो. म्हातारपणी गोठ्यात मेलेल्या बैलाच्या शिंगाबद्दल तो बोलत नाही. पण पोत्यात शिंगे घेऊन एसटीने निघालेल्या माणसाला वाटेत अडवणारे लोक कायद्याची कलमे वाचून आलेले नसतात. म्हाताऱ्याची ती 'पावती' आज जीव वाचवण्यासाठी लागते, कर्जासाठी नव्हे.

मेलेले ढोर आणि जिवंत माणूस

इथे जातीचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या खेड्यात मेलेले ढोर ओढणे हे ठराविक लोकांच्या माथी मारलेले काम होते. ओढायचे त्यांनी, सोलायचे त्यांनी आणि विटाळही त्यांचाच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचा निर्धार झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. त्या निर्धाराचे पडसाद कोकणातल्या वाडीवाडीत उमटले. तो निर्धार धंद्याविरुद्ध नव्हता. सक्तीने आणि अपमानाने करावे लागणारे काम कितीही फायद्याचे असले तरी ते झुगारून द्यायचे, असा तो निर्णय होता. आणि जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली, तेव्हा नव्वद वर्षांनी आपण कुठे आहोत हेही कळले. त्यानंतर तिथल्या दलित समाजाने मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांपुढे नेऊन टाकली. ज्या कामाला हलके म्हणून हिणवले, ते थांबल्यावर सगळ्यांना नाके दाबावी लागली.

त्यातच गिधाडे गेली. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे मेलेल्या गुरांचे मांस गिधाडांना विष ठरले आणि त्यांच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पूर्वी ढोरफोडीच्या माळावर गिधाडे तासा-दोन तासांत हाडे लख्ख करून ठेवत आणि हाडे गोळा करणारा ती गाडीत भरून गिरणीला नेई. आता ते फुकटचे सफाई कामगार नाहीत, ओढणारा माणूस नाही आणि नांगराला पॉवर टिलर आल्यामुळे बैलाला दावणीत जागा नाही. मोकाट गुरे आज रत्नागिरीच्या रस्त्यांवर आणि मुंबई-गोवा महामार्गावर बसलेली दिसतात. ती तिथेच अपघातात मरतात आणि नगरपालिका त्यांना खड्ड्यात पुरते.

अशा परिस्थितीत शिकलेली एखादी मुलगी आपण होऊन म्हणते की मला हाडाचे काम करायचे आहे. ज्या कामावर जन्माची सक्ती होती त्यात कुणी आवडीने हात घालणे, ही माझ्या मते लहान गोष्ट नाही. मात्र यात एक धोका आहे. कला म्हणून हाड शहरी प्रदर्शनात मिरवेल, चांगला दर घेईल; आणि जनावर ओढणारा, हाड धुणारा माणूस होता तिथेच राहील. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न सांगता मांडल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. अखेर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणेचे मूळ मान्य केले. आपण रागावलो हे योग्यच. पण ती चप्पल शिवणाऱ्याला आणि कातडे कमावणाऱ्याला आपण गावात काय वागवले, हाही हिशोब त्याच वहीत मांडला पाहिजे.

घरी करायचे तर

आता त्या मुलीच्या घरी जाऊ. हाडाचे काम करायला कारखाना लागत नाही हे खरे. म्हशीच्या पायाची नळी हे मुख्य साहित्य. दोन्ही टोके कापून आतला मगज काढायचा. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. खळखळून आणि फार वेळ उकळले तर हाडातले चिवट तंतू विरघळून त्याचा सरस होतो आणि हाड खडूसारखे ठिसूळ होते. मग साबणाच्या पाण्यात भिजत ठेवायचे, पाणी बदलत राहायचे. चरबी पुरती निघाली नाही तर सहा महिन्यांनी दागिना पिवळा पडतो आणि वासही येतो. पांढरे करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. कपड्यांचे क्लोरीनचे ब्लीच वापरले तर हाड आतून पोखरते. वाळल्यावर बारीक पात्याच्या करवतीने कापणे, कानशीने आकार देणे, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासणे. तपकिरी छटा हवी असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. नळीची भिंत पातळ, त्यामुळे मोठी वस्तू होत नाही. मणी, कानातले, लोलक, केसांचे काटे यांतच या हाडाची शोभा.

तीन पथ्ये मात्र कडक पाळावीत. पहिले, भांडी आणि शेगडी वेगळी, स्वयंपाकघराबाहेरची. दुसरे, हाड कोरडे घासायचे नाही आणि तोंडावर साधा रुमाल नव्हे, धुळीचा चांगला मास्क लावायचा. ही भुकटी फुप्फुसात गेली की निघत नाही. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी त्या खोलीत थांबू नये. तिसरे, रानात किंवा रस्त्यात पडलेले, कशाने मेले ते ठाऊक नसलेले जनावराचे हाड आणायचे नाही. काळपुळीचे जंतू कातड्यात आणि हाडात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. परवानाधारक कत्तलखान्यातून किंवा त्याच्या व्यापाऱ्याकडून पावतीसह घ्यावे.

गिऱ्हाइकालाही थोडी पारख हवी. हाडावर भिंगातून पाहिले तर बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. प्लॅस्टिकवर त्या नसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी दिसते. तसे काही दिसले तर ती वस्तू घेऊ नये.

आणि आईची परवानगी

'आमच्या घरात हाड?' हा आईचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. शाकाहार हा अनेकांच्या श्रद्धेचा आणि अनेकांच्या विवेकाचा भाग आहे. ज्याला प्राण्याचे काहीच अंगावर नको, त्याला तसे वागण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणूनच विकणाऱ्याने वस्तूवर 'म्हशीचे हाड' असे स्वच्छ लिहिले पाहिजे. 'नैसर्गिक द्रव्य' असली गुळमुळीत भाषा नको. कुणाच्या देवघरात फसवून काही जाऊ नये.

पण आक्षेप घेताना घरात एकदा नजर फिरवावी. नथीतले मोती हे शिंपल्यातल्या जिवाच्या पोटातून येतात. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातली कवड्यांची माळ, देवघरातला शंख, वाकी-अंगठीतले पोवळे, ही सारी समुद्रातल्या प्राण्यांची घरे. विठ्ठलाच्या भजनात घुमणाऱ्या पखवाजाला कातडे लागते. औषधाच्या कॅप्सूलचे कवच बहुतेक वेळा हाडा-कातड्यांतून काढलेल्या जिलेटिनचे असते आणि बोन चायनाच्या कपात हाडाची राख असते. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत, विलायती साखर हाडांनी शुद्ध करतात म्हणून ती टाकून द्या, असा प्रचार घरोघर झाला होता. आणि त्याच कोकणात माडाच्या आणि कलमाच्या खड्ड्यात हाडांचा चुरा घालण्याची रीतही चालत आली. हापूसच्या मुळाशी हाड चालते तर कानात का चालू नये, एवढाच माझा प्रश्न. नको असेल तर जरूर नको म्हणावे, पण ती नापसंती हाडाची असावी, ते घडवणाऱ्या माणसाची नव्हे.

विश्वकर्म्याच्या यादीत

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तेरा हजार कोटींची तरतूद, अठरा पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, तारणाशिवाय आधी एक लाख आणि नंतर दोन लाख रुपये कर्ज, व्याज पाच टक्के. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले तरी योजना चांगली आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, होडी बांधणारा, जाळी विणणारा, खेळणी करणारा हे सगळे त्यात आहेत. हाड आणि शिंग कोरणारा मात्र त्या अठरांत नाही. गंमत अशी की, भागवतातल्या कथेत दधीचींच्या हाडांतून वज्र घडवले ते विश्वकर्म्यानेच! ज्याच्या नावाची योजना, त्याचाच एक धंदा यादीतून सुटला.

दार अगदीच बंद आहे असे नाही. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे शिंग-हाडकाम ही मान्य हस्तकला आहे आणि कारागिराला 'पहचान' ओळखपत्र मिळू शकते. मुद्रा योजनेच्या शिशू गटात, म्हणजे पन्नास हजारांपर्यंत, घरगुती दागिन्यांचा धंदा बसतो. म्हणून त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय, मिळेल' असे आहे. मात्र खरेदीची प्रत्येक पावती, नमुन्यांची छायाचित्रे आणि प्रदर्शनातल्या विक्रीची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवावी. शाखेतला अधिकारी त्या वहीवरच विश्वास ठेवतो, हे अनुभवाने सांगतो.

सरकारकडून मागण्यासारखे तीन मुद्दे आहेत. परवानाधारक कत्तलखान्यांनी, आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या बाबतीत ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याने, हाडा-शिंगांचा साधा मूळ-दाखला द्यावा आणि तो वाटेत पोलिसांनी मान्य करावा. विश्वकर्मा योजनेची यादी पुढे कधी वाढली तर हा धंदा तीत घालावा. आणि विजयदुर्गच्या शिंगकामाचे जे काही नमुने घराघरांत, संग्रहालयांत उरले असतील त्यांची सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून नोंद करावी. कातळशिल्पांचे असेच झाले. काशेळीच्या सड्यावरचा प्रचंड हत्ती शेकडो वर्षे गुराख्यांच्या पायाखाली होता. काही धडपड्या माणसांनी ही कातळशिल्पे शोधली, मोजली, नोंदवली आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नोंद झाली की वस्तूला किंमत येते.

या धंद्यातून रत्नागिरीची बेकारी संपेल असे मी म्हणणार नाही. हा शे-पन्नास घरांच्या पोटाचा आणि एका विसरलेल्या हुन्नराचा प्रश्न आहे. पण शे-पन्नास घरे म्हणजे एक वाडी होते, आणि मुंबईची वाट धरून ओस पडलेल्या वाड्या कोकणाने पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढच्या दिवाळीत प्रदर्शनाला गेलात आणि टेबलावर पांढऱ्या मण्यांची माळ दिसली, तर आधी विचारा, कशाची आहे? उत्तर सरळ आले आणि पावती दाखवली गेली, तर घ्यायची की नाही ते आपल्या मनाप्रमाणे ठरवा. पण घासाघीस करू नका. त्या एका मण्यामागे दोन दिवसांचे घासणे असते.